टीव्हीवरच्या कुकिंग स्पर्धेच्या ऑडिशनला जायचंय, गावाकडचा पदार्थ न्यावा की काहीतरी फॅन्सी?

गावाकडचाच न्या. जो कोणी तुम्हाला थाई करी नाहीतर लसान्या न्यायला सांगतोय त्याने स्वतः ऑडिशनची लाइन कधी बघितलेली नाही, हे मी लिहून देते.

तुम्ही लिहिलंय की तुमची अंबाडीची भाजी आणि भाकरी अख्खी गल्ली मागून नेते, पण घरचे म्हणतात की टीव्हीवर हे कोण बघणार. हे वाचलं आणि मला राहवलंच नाही, कारण हेच वाक्य मी आमच्या घरात कितीतरी वर्षं ऐकतेय, लग्न असो, बारसं असो, चार माणसं जमली की आमचे धाकटे दीर सुरू होतात, "वहिनी, तुम्ही भरीत नेलंत ना, तिथेच सगळं गेलं, काहीतरी मॉडर्न न्यायचं होतं." मी दर वेळी पाहुण्यांसमोर नको म्हणून गप्प बसते. आज सगळं लिहूनच टाकते.

माझं माहेर जळगावकडचं, सासर चिंचवड. एका मोठ्या चॅनलच्या स्पर्धेची ऑडिशन पुण्यात होती, चॅनलचं नाव लिहीत नाही. थंडीचे दिवस होते त्यामुळे काय न्यायचं याचा मला विचारच करावा लागला नाही, भरीत आणि कळण्याची भाकरी. दादाने रात्रीच्या ट्रॅव्हल्सने वांगी पाठवली, आमच्याकडची ती पोपटी-पांढरी मोठी वांगी, आत बी कमी आणि गर लोण्यासारखा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय टॅगसुद्धा मिळालाय, म्हणजे सरकारदरबारी याची नोंद आहे की हे वांगं दुसरीकडे असं होत नाही. वांग्यांबरोबर दादाने पोतंभर कपाशीच्या वाळलेल्या काड्याही पाठवल्या, कारण त्याला माहिती होतं की मी गॅसवर भाजणार नाही.

गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि काड्यांवरचं भरीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काड्यांचा जाळ एकदम मोठा होतो आणि वांग्याला चारही बाजूंनी धरतो, साल करपते, आतला गर शिजतो आणि धुराचा वास आतपर्यंत उतरतो. वांग्याला आधी तेलाचा हात लावायचा आणि सुरीने टोचे मारायचे नाहीतर फुटतं. पहाटे गच्चीवर हे सगळं ह्यांनी केलं, माझ्या नवऱ्याने. मी खाली भाकरीचं पीठ मळत होते, ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून आणलेलं, आणि हे वरून एकेक वांगं ताटात घालून आणत होते. देठ धरून साल काढायची, मग लाकडी भांड्यात ठेचायचं, मिक्सर नाही, मिक्सरमध्ये त्याची चटणी होते. तेलात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तळून घ्यायचे, त्यातच लसणाबरोबर ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, भरपूर कांद्याची पात, मग वांगं, मीठ, कोथिंबीर. लाल तिखट नाही आणि टोमॅटो तर नाहीच नाही.

आता मुद्द्याचं. पहिल्या राउंडला पदार्थ घरून शिजवून न्यायचा होता, तिथे फक्त प्लेटिंगसाठी थोडा वेळ. गरम करायची सोय नव्हती. नंबर लागायला दुपार झाली. माझ्या पुढे एक मुलगी होती, चांगली हुशार मुलगी, तिने घरून रिसोटो, म्हणजे तो मऊ इटालियन भात, करून आणलेला. रिसोटो कढईतून उतरवला की लगेच खायचा असतो, तिच्या डब्यात त्याचा घट्ट गोळा झालेला, चमच्याने खरवडून काढावा लागला. घरी रोज कोण खातं हे, असं विचारलं तर म्हणाली कोणीच नाही, यूट्यूबवर बघून मुद्दाम यासाठी शिकले. तिला दोन मिनिटांत बाहेर पाठवलं. माझं भरीत त्या वेळेपर्यंत आणखी मुरलं होतं. भरीत गार चांगलं लागतं, शेतावरच्या भरीत पार्टीत तर बरेच जण गारच खातात.

चव घ्यायला आलेल्या शेफने एक घास घेतला, मग भाकरी मोडून दुसरा घेतला. मग विचारलं, यात टोमॅटो नाही घातला? मी म्हटलं आमच्याकडे भरिताला टोमॅटो घालत नाहीत. त्याने मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि मला पुढच्या राउंडची चिठ्ठी दिली.

इथे जरा थांबून सांगते, कारण तुम्हालाही असा प्रश्न येणार. परीक्षकाला तुमचा पदार्थ माहिती असेलच असं धरून चालू नका. २०१८ ला ब्रिटनच्या मास्टरशेफ या कुकिंग स्पर्धेत एका मलेशियन वंशाच्या बाईंनी नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, आणि चिकन रेंदांग केलं, तर परीक्षक म्हणाले कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही. अहो रेंदांग म्हणजे नारळाच्या दुधात तासन् तास शिजवलेलं असतं, ते कुरकुरीत कसं असेल? त्या बाई बाहेर पडल्या आणि इकडे अख्ख्या मलेशियात गदारोळ झाला, तिथल्या पंतप्रधानांनीसुद्धा त्यावर पोस्ट टाकली. म्हणून अंबाडी नेणार असाल तर ती आंबट का, त्यात तांदळाच्या कण्या का, वरून लसणाची फोडणी का, हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, त्यांनी विचारायच्या आधीच.

दुसरा राउंड तिथल्याच किचनमध्ये, घड्याळ लावून. समोर सामान ठेवलेलं, त्यातून काहीतरी करायचं. मी कच्च्या केळ्याचे काप आणि कढी केली, वेळेत झालं, फार काही सांगण्यासारखं नाही. तोही पास.

तिसरा राउंड म्हणजे एका खोलीत कॅमेरा, लाइट आणि समोर हातात कागद घेतलेली एक तरुण मुलगी. स्वयंपाकाचा एकही प्रश्न नाही. लाइफमध्ये स्ट्रगल काय होता? घरच्यांचा विरोध होता का? नवरा काय म्हणतो? मी खरं तेच सांगितलं, की विरोध कोणाचाच नव्हता, वांगी तर नवऱ्यानेच भाजलीत, ते बाहेर डबा घेऊन बसलेत. ती मुलगी वाईट नव्हती, तिला तिचं काम करायचं होतं, ती पुन्हा म्हणाली, "काकू, आठवून बघा ना, काहीतरी असेलच, सासूबाई वगैरे?" माझ्या सासूबाई देवाघरी जाऊन फार दिवस झाले नव्हते. ज्या बाईने मला पुण्याच्या पाण्यात डाळ कशी शिजवायची ते शिकवलं, त्यांच्याबद्दल मी कॅमेऱ्यासमोर खोटं बोलू? मी म्हटलं नाही, त्यांनी मला कधी किचनमध्ये अडवलं नाही. ती ठीक आहे म्हणाली, कॅमेरा बंद केला. कळवतो म्हणाले, फोन आला नाही.

आता भाऊजी म्हणतात भरितामुळे गेलं. अहो भाऊजी, भरीत पहिल्याच राउंडला खाल्लं त्यांनी, आणि मला पुढे पाठवलं. भरिताने मला आत नेलं. बाहेर पडले ते त्या खोलीत, जिथे भरिताचा विषयसुद्धा निघाला नाही. आणि त्याबद्दल मला आजही जराही पश्चात्ताप नाही, तोच प्रश्न उद्या पुन्हा विचारला तरी मी तेच उत्तर देईन.

आणि मॉडर्न मॉडर्न जे म्हणतात ना, त्यांनी २०२१ चं मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया बघावं. किश्वर चौधरी, मेलबर्नची, आईवडील बंगाली, तिने फिनालेला काय केलं तर पान्ता भात. म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, जो तिकडे शेतकरी सकाळी खातो, सोबत बटाट्याचं भरीत आणि मासळी. बटाट्याचं का असेना, पण भरीतच! ती स्वतः म्हणाली की हे तुम्हाला हॉटेलात मिळणार नाही. परीक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि ती तिसरी आली. आपल्याकडे मास्टरशेफ इंडिया २०१० ला सुरू झालं तेव्हा पहिली विजेती पंकज भदौरिया, लखनौच्या शाळेत शिकवणारी बाई, नोकरी सोडून आली होती. २०२३ ला जिंकलेला नयनज्योती सैकिया आसामचा, तो तिकडच्या भाज्या आणि मासे घेऊन उभा राहिला. त्याच सीझनला मुंबईच्या उर्मिला बा होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, त्यांचं गुजराती घरचं खाणं लोकांनी कौतुकाने बघितलं. यातलं कोण लसान्या घेऊन गेलं होतं?

आपल्या मराठीतसुद्धा 'आम्ही सारे खवय्ये' वर्षानुवर्षं चाललं ते कशावर? साध्या घरातल्या बायका-पुरुष आपापले पदार्थ दाखवायचे त्यावरच. तिथे स्पर्धेचा ताण नव्हता पण लोक वही-पेन घेऊन बसायचे हे मी माझ्या आईला बघून सांगते.

तुम्ही तयारीचंही विचारलंय, तर पटकन. तुमचा पदार्थ सकाळी करा आणि दुपारी गार खाऊन बघा, गार चांगला लागला तरच न्या. भाकरी कडक होणार, तेव्हा करताना पाणी चांगलं गरम घ्या आणि सुती फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या डब्यात घाम सुटतो. प्लेटिंग म्हणजे वर फुलं ठेवणं नव्हे, स्वच्छ ताटली, भाजी मध्ये, कडा पुसलेल्या, झालं. बाजारात मिळणारे ते खाण्याचे रंग आणि सॉसचे ठिपके नकोत. घड्याळ लावून अनोळखी सामानाचा स्वयंपाक करायची सवय मात्र लावून घ्या, कारण घरी आपल्याला कोणी पाऊण तासात आटपा म्हणत नाही आणि तिथे चांगल्या चांगल्या सुगरणींचे हात थरथरताना मी बघितलेत. शेजारणीला सांगा सामान निवडायला, स्वतः निवडू नका.

आणि त्या गोष्टीच्या राउंडसाठी तुमची खरी गोष्ट तयार ठेवा. स्ट्रगल असेल तर सांगा, लाज कसली, पण नसेल तर घरच्या कोणाला व्हिलन बनवू नका. शो संपतो, पुढे नांदायचं त्याच माणसांत असतं. तुमच्या भाजीची गोष्ट सांगा, अंबाडी कुठून येते, कोणी शिकवली.

आता हेही सांगते की माझा अनुभव एका शोचा आहे आणि त्याला बरीच वर्षं झाली. सगळे असेच विचारतात असं मी म्हणणार नाही. खरोखर चवीवर पुढे गेलेली माणसं आहेतच, मंगळुरूचा मोहम्मद आशिक, ज्यूसचं दुकान चालवणारा मुलगा, आधी एकदा बाहेर पडला होता, पुन्हा आला आणि २०२३ च्याच शेवटी मास्टरशेफ इंडियाचा पुढचा सीझन जिंकला. त्यामुळे पहिल्यांदा नाही झालं तर पुन्हा जा. मांसाहाराची अडचण असेल तर आधीच विचारून घ्या, २०१५ चा मास्टरशेफ इंडिया पूर्ण शाकाहारी होता पण सगळे सीझन तसे नसतात, मटण शिजवायची वेळ आली तर काय करणार हे घरी बसून ठरवा, सेटवर नाही.

नोकरी करत असाल तर रजेचा प्रश्न मोठा आहे. निवड झाली तर शूटिंगसाठी घर सोडून राहावं लागतं, कधी परत येणार ते आपण किती राउंड टिकतो त्यावर, आणि ऑफिसला तसं सांगता येत नाही. ज्यांचं मूल लहान आहे त्यांनी याचा नीट विचार करावा. शिवाय कागदांवर सही घेतात, कुठल्या राउंडला घेतात ते शोप्रमाणे वेगळं, आमच्या वेळी तर लाइनमध्येच घेतली होती. इंग्रजीतली बारीक अक्षरांची पानं असतात, आपला चेहरा, आपली रेसिपी, आपण बोललेलं सगळं ते कसं वापरणार आणि कापून कसं दाखवणार ते त्यात असतं. कितीही घाई करू देत, फोटो काढून घरातल्या कोणाला तरी पाठवा, वाचून घ्या, मगच सही करा.