कर्नाटक राज्य सरकारी नोकरीत ज्येष्ठता यादीत वर असून बढती डावलली. मराठी म्हणून भेदभावाचा दावा करता येईल का?

हो, येईल, पण ‘मराठी म्हणून डावललं’ यापेक्षा ‘माझ्या खालच्याला नियम सोडून वर घेतलं’ यावर तो उभा करा. बढती मिळणं हा हक्क नाही, बढतीसाठी विचार होणं हा मात्र घटनेच्या अनुच्छेद १६ खालचा मूलभूत हक्क आहे. त्याच अनुच्छेदात भेदभावाची कारणं दिलीत: धर्म, जात, लिंग, जन्मस्थान, निवास वगैरे. भाषा त्यांत नाही. सीमाभागात हे फार सलतं, पण कोर्टात मजकूरच बघतात.

आधी खात्याला लेखी निवेदन द्या आणि पोचप्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्याच, कारण मुदत त्यावरून मोजली जाते. नकार आला तर १९८५च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याप्रमाणे एका वर्षात न्यायाधिकरणाकडे, म्हणजे सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या खास न्यायमंडळाकडे, अर्ज करायचा. सहा महिने उत्तरच नाही आलं, तर त्यापुढच्या एका वर्षात. कर्नाटक राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणाचं पीठ बेळगावातच आहे, बेंगळुरूला खेटे नकोत. माहिती अधिकारात पदोन्नती समितीचं इतिवृत्त मागवा, खरं कारण बहुतेक तिथंच सापडतं.

फक्त, त्या पदाला लागणारी कन्नड किंवा खात्याची परीक्षा राहिली असेल, तर ज्येष्ठता असूनही प्रकरण टिकणं अवघड.