देणगीतलं विरलेलं कापड गोधडीत घालू नका

ताई, आश्रमशाळेच्या मुलांसाठी गोधड्या शिवायला घेतल्या आणि देणगीतल्या साड्या विरलेल्या, कुबट वासाच्या निघाल्या, आता देणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं, हा तुमचा प्रश्न वाचला. आमच्या गटाचीही चार वर्षांपूर्वी हीच गत झाली होती.

थर किती, धावदोरा कसा, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमची चूक तेवढी सांगते.

एका कार्यालयाने नऊ पोती कपडे दिले. पोती सोडतानाच कळलं, निम्मं कापड बाद आहे. परत घ्या म्हटलं तर, "पोच दिलीत ना? आता परत नाही. गोधड्या किती झाल्या ते फोटोसकट कळवा." त्या आकड्याच्या धाकाने आम्ही विरलेल्या साड्या आतल्या थरांत घातल्या. वरचं-खालचं कापड चांगलं, आतलं कोण बघतंय, असं मीच म्हणाले होते. पहिल्या धुण्यानंतर वसतिगृहाच्या बाईंनी एक गोधडी परत पाठवली. उसवली, तर आतली साडी टाक्याटाक्याला फाटून एका कोपऱ्यात गोळा झालेली, मधे नुसते दोन थर. त्याखाली एक लेकरू पौषातल्या थंडीत झोपलं होतं. बावीस गोधड्या उसवून पुन्हा शिवल्या. कार्यालयातून फोन आला तो फोटो का कमी आले हे विचारायला. अजून राग जात नाही.

तेव्हापासून प्रत्येक साडी उजेडासमोर धरते आणि दोन्ही अंगठे जवळ ठेवून आडवी-उभी ताणते. चर्र झालं की तो भाग कापून बाजूला. पूर्ण साडी टाकू नका, पदर बहुतेक वेळा धड असतो. लाल, जांभळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, आम्हाला तरी गुण आला नाही.

सुती आहे का अशी शंका आली तर एक धागा जाळून बघा, घराबाहेर. सुताची राख होते, नायलॉन-पॉलिस्टर वितळून त्याची गाठ होते. काही गट असं कापड आत घालतात, त्यांचं त्यांना ठाऊक. माझं मत स्पष्ट आहे: जिथे मुलं चुलीजवळ, शेकोटीजवळ निजतात तिथे ते नकोच. ठिणगी पडली तर कातडीला चिकटतं.

दोरा मात्र विकतच आणा. जुनी रिळं दिसायला नवी, पण झटका दिला की तुटतात. साडीचे फॉल सुती असले तर ठेवा, कडेच्या पट्टीला छान होतात. बाद सुती कापड गॅरेजवाले पुसायला घेतात, आमच्या गावात तरी.

देणाऱ्यांना आधीच सांगा: सुती, धुतलेलं, वाळलेलं. आणि पोत्यांची पोच देण्याआधी पोती उघडा. कोणी घाई केली तर पोचेवर "माल न तपासता घेतला" असं लिहून मगच सही करा.