बारावीनंतर जुन्या जहाजांच्या लाकडाचा अभ्यास? आधी बॉटनी करू दे

ताई, पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, गोव्यात काथ्याने शिवून बांधलेल्या 'कौंडिण्य' जहाजाचे रील्स बघून तिला आता जुन्या जहाजांच्या लाकडाचाच अभ्यास करायचाय, आणि तिचे बाबा म्हणतात सुतारकाम शिकायला कॉलेज कशाला. बाबांना सांगा, यात रंधा कमी आणि मायक्रोस्कोपच जास्त.

म्हणजे बघा, इजिप्तमधे तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं रोमन काळातलं बंदर होतं, तिथल्या उत्खननात चक्क भारतातलं सागवान निघालं, बरंचसं जहाजांचंच असावं, मोडून बांधकामाला वापरलेलं. आता तो जुनापुराणा तुकडा सागाचाच हे ठरवायचं कसं, तर ब्लेडने तीन दिशांनी पातळ काप घ्यायचे. सागाच्या आडव्या कापात खोडात दर वर्षी वाढणाऱ्या वलयाच्या सुरवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते, पुढे छिद्रं बारीक होत जातात. इजिप्तच्याच खुफू राजाच्या पिरॅमिडजवळ १९५४ला सापडलेली नाव लेबनॉनच्या सीडरची, आपल्या देवदाराचा भाऊबंदच तो, त्यात असली छिद्रं नसतातच. लाकूड कळलं की ते कुठून आलं, कोणाशी व्यापार होता इथपर्यंत पोचता येतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, बारावीनंतर लगेच आर्किऑलॉजीच्या मागे नका लागू. बीएस्सी बॉटनी, मग पुण्याला डेक्कन कॉलेजमधे आर्किऑलॉजीत एमए. पुढे देहरादूनची एफआरआय (वनसंशोधन संस्था), बंगळुरूची लाकडावरची सरकारी संस्था, लखनौची बिरबल साहनी (प्राचीन वनस्पतींवरची संस्था), गोव्यातली एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था). 'जहाजाचं लाकूड' अशी पोस्ट कुठे निघत नाही हो, प्रोजेक्ट, फेलोशिप, पीएचडी असंच सरकत जावं लागतं, तिशीपर्यंत पक्की नोकरी नाही हे धरूनच चाला. पण लाकूड ओळखता येणाऱ्याला दुसरी कामं असतात, रक्तचंदनाचा ट्रक पकडला की ते रक्तचंदनच आहे हे कोणीतरी लॅबमधे सांगावं लागतंच की.

तुम्ही रत्नागिरीच्या, मग सोपंय. परीक्षा झाली की होड्यांची डागडुजी करणाऱ्या सुतारांकडून साग, ऐन, फणस असे टाकाऊ तुकडे मागून आणा, टोकं धारदार ब्लेडने (जपून!) साफ कापायची आणि दहापट भिंगातून बघून वहीत काढायचं. दोन आठवड्यांत कंटाळली तर तो रील्सचाच नाद होता समजा.

आणि मॅथ्स सोडू देऊ नका, झाडाची वलयं मोजायची म्हटलं की पुढे सगळं स्टॅटिस्टिक्स येतं, पुण्यात आयआयटीएम या हवामान संस्थेत सागाच्याच वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय.