परिमिती, परीघ आणि क्षेत्रफळातलं फळ

प्रश्न असा आहे: पाचवीतल्या मुलीने वहीत ‘वर्तुळाची परिमिती’ लिहिलं, बाईंनी ते खोडून ‘परीघ’ केलं. चूक नेमकी काय? आणि क्षेत्रफळात हे ‘फळ’ कुठून आलं?

आधी फळाचं सांगतो, कारण त्यात मजा जास्त आहे. क्षेत्र म्हटलं की आपल्याला शेत आठवतं. ते बरोबरच, ‘शेत’ हा शब्दच ‘क्षेत्र’वरून आला आहे. पण जुन्या गणितात क्षेत्र म्हणजे आकृती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) ‘क्षेत्रव्यवहार’ नावाचं प्रकरण आहे, त्यात त्रिकोण, चौकोन, वर्तुळ ही सगळी क्षेत्रंच. आणि फल म्हणजे हिशेबातून हाती आलेलं उत्तर. वर्तुळाच्या बाबतीत ते सांगतात, परिधीला, म्हणजे आपल्या परिघाला, व्यासाच्या चौथाईने गुणलं की फल मिळतं. म्हणजे क्षेत्रफळ हे आकृतीचं उत्तर, झाडाचं फळ नव्हे. घनफळ आणि पृष्ठफळ ही त्याचीच भावंडं. मराठीने ‘ल’चा ‘ळ’ केला म्हणून ते आंब्या-फणसाच्या पंक्तीला जाऊन बसलं, इतकंच. सातबाऱ्यावर मात्र नुसतं ‘क्षेत्र’ असतं, आणि ‘शेताचं क्षेत्र वीस गुंठे’ म्हणताना कोणी अडखळत नाही.

आता परिमिती. परि म्हणजे सभोवार, मिती म्हणजे मोजणी. भूमितीतली मितीही हीच. ‘अपरिमित नुकसान’मधला परिमित याच घरचा. म्हणजे व्युत्पत्ती पाहिली तर वर्तुळाची परिमिती म्हणायला काहीच हरकत नाही. मुलीचं चुकलं ते रूढीत, शब्दाच्या अर्थामध्ये नाही. शाळेच्या पुस्तकांत सरळ बाजूंच्या आकृतीला परिमिती आणि वर्तुळाला परीघ अशी वाटणी आहे. बाईंनी लाल शाई जरा जास्तच सांडली असं माझं मत.

गंमत म्हणजे यात उपरा ठरला तर परीघच ठरेल. संस्कृतात परिघ म्हणजे दाराचा अडसर, लोखंडी दांडा. वर्तुळाच्या कडेला भास्कराचार्य परिधि म्हणतात. हिंदीने परिधि ठेवला, आपण परीघ धरला, आणि असा धरला की ‘अनुभवाचा परीघ’, ‘परिघाबाहेरची माणसं’ सर्रास लिहितो. ‘अनुभवाची परिमिती’ कुणी लिहून बघावं! (लिहिताना एवढं सांभाळा: परीघ दीर्घ, पण परिघाचा ह्रस्व. गरीब, गरिबाचा, तसं.)

बोलण्यात तर दोन्ही शब्द नसतात. झाडाच्या बुंध्याचा, विहिरीचा, परकराचा ‘घेर’ असतो. फरशीवाल्याकडे जा. दहा बाय बाराची खोली असेल तर तो फरशीचा भाव 120 ‘स्क्वेअर फुटा’वर लावतो, आणि भिंतीच्या तळाशी लागणाऱ्या पट्टीचा 44 ‘रनिंग फुटा’वर, दाराचे तीन फूट वजा करून. हा रनिंग फूट म्हणजे त्याची परिमिती. मुलांना क्षेत्रफळ आणि परिमिती यांतला घोळ सोडवून दाखवायचा तर मी ही पट्टीच दाखवीन.

किंवा गुंठा घ्या. 33 फूट लांब, 33 फूट रुंद, म्हणजे 1089 चौरस फूट. कुंपणाला तारेचा एक फेरा 132 फूट. आता रस्त्यालगतची 11 बाय 99 ची चिंचोळी पट्टी घ्या. क्षेत्रफळ तेच, 1089, अगदी एक गुंठा. तार मात्र 220 फूट. खरेदीखतात ‘चतुःसीमा’ लिहितात तिथे पूर्वेला कोण, पश्चिमेला काय एवढंच असतं, लांबी नाही. तार किती लागणार हे त्यावरून कळायचं नाही.

जाता जाता, ‘चौरस’ हा चतुरस्र, म्हणजे चार कोनांचा. त्याची जागा बदलली की अर्थ बदलतो. दहा चौरस फूट म्हणजे जेमतेम एक न्हाणी. दहा फूट चौरस म्हणजे शंभर चौरस फुटांची खोली. घराची जाहिरात वाचताना ‘चौरस’ आधी आहे की नंतर, ते बघून घ्या.