सेन्सरवाला रोलर आला म्हणजे मातीच्या टेस्ट बंद करायच्या का?

पीथमपूरला तुमच्या शेडचा भराव चालू आहे आणि ठेकेदार म्हणतोय की सेन्सरवाला रोलर आणतो, आता खड्डे घेऊन घनतेच्या टेस्ट करायला नकोत. मी इंदूरकडे रस्त्याच्या भरावांवरच असतो. रोलर जरूर येऊ द्या, टेस्ट मात्र सोडू नका.

तो रोलर घनता मोजतच नाही. ड्रमवरचा सेन्सर कंपन टिपतो. माती पोकळ असली की ड्रम एका लयीत हलतो. घट्ट झाली की ती त्याला उलट उसळवते, लय मोडते आणि त्यावरून आकडा निघतो. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात निघालेली ही पद्धत. जीपीएसमुळे आता आकडा नकाशावर रंगात दिसतो, हिरवा म्हणजे आकडा पुरेसा, लाल म्हणजे कमी, एवढंच. पण कळतो तो ताठपणा, म्हणजे माती दाबाला किती दबत नाही ते, आणि माळव्याच्या काळ्या मातीत तिथेच घात होतो. मे महिन्यात कोरडी ढेकळं दाबली तरी ताठ लागतात, स्क्रीन हिरवीगार! पाणी मुरलं की तीच माती फुगते, मऊ पडते. म्हणून शेडखाली मुरूमच घ्या, आणि प्रत्येक थराचा ओलावा वेगळा तपासा.

अति दाबलं तरी आकडा फसवतो. जमीन फार कडक झाली की ड्रम उड्या मारू लागतो, आकडा घसरतो, आणि ऑपरेटरला वाटतं रोलरच्या अजून फेऱ्या हव्यात.

मग उपयोग काय? खूप आहे. टेस्टचे खड्डे मोजकेच असतात, रोलर मात्र पट्टा न् पट्टा बघतो, आणि थर २० सेंटिमीटरचा असला तरी जड रोलरला त्याखालचंही जाणवतं. आमच्या एका भरावात टेस्ट पास होत होत्या, पण एक पट्टा दर थराला लालच. खणलं तर खाली पाइपलाइनचा जुना चर, नुसती माती लोटून बुजवलेला.

आधी छोटा ट्रायल पट्टा करून घ्या. कमी-जास्त आकड्यांच्या जागी सँड रिप्लेसमेंट टेस्ट (खड्ड्यातली माती तोलायची, खड्डा वाळूने भरून मापायचा आणि घनता काढायची) लावा आणि पास होण्याचा आकडा त्यावरून ठरवा. रस्त्याला सबग्रेडसाठी, म्हणजे रस्त्याच्या थरांखालच्या मातीच्या वरच्या थरासाठी, हेवी प्रॉक्टरच्या (प्रयोगशाळेत ती माती जोरात ठोकून मिळणाऱ्या कमाल घनतेच्या) ९७ टक्के घनता लागते. शेडसाठी तुमच्या डिझायनरला विचारा. ट्रायलला होता तोच वेग आणि तेच कंपन पुढेही ठेवायला सांगा, नाहीतर आकडे जुळणार नाहीत. नंतरचे खड्डे आधी लाल जागी घ्या, एखाद-दुसरा हिरव्या जागीही. आणि रोजच्या नकाशाची मूळ फाइल मागा, मोबाइलवर काढलेल्या फोटोवर भागवू नका.