मुक्काम गाडीत, मॅचला मात्र रेल्वेने

प्रश्न : ताई, २०२८च्या जूनमध्ये युरो फुटबॉलचे सामने बघायला ब्रिटनला जायचं ठरवतोय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. हॉटेलांऐवजी कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यावी असं मनात आहे. ह्यांचं लायसन्स इथलंच आहे. गाडी थेट स्टेडियमपाशी लावता येईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : गाडी जरूर घ्या, पण स्टेडियमकडे नेऊ नका. डी. वाय. पाटीलला मॅच असली की आपण लोकलने नेरुळला उतरतो, तसंच करा. लंडनच्या वेम्बली स्टेडियमच्या आसपासच्या रस्त्यांवर सामन्याच्या दिवशी परवान्याशिवाय गाडी लावू देत नाहीत. पार्किंगच्या इमारतींत आत शिरायची उंची जेमतेम दोन मीटर असते आणि तुमची गाडी तीनच्या आसपास भरेल.

२०२२च्या जुलैत महिलांच्या युरोसाठी मी आणि मुलगा असेच फिरलो. शेफील्डची सेमीफायनल रात्री आठची होती, इंग्लंडने स्वीडनला ४-० हरवलं. स्वस्त मिळाली म्हणून आम्ही गावाबाहेरची कॅम्पसाइट, म्हणजे अशा गाड्या रात्री लावायची जागा, घेतली होती. बाहेर आलो तर तिकडची शेवटची बस गेलेली. टॅक्सीला कॅम्पसाइटच्या रात्रीच्या भाड्याहून जास्त पैसे मोजले. तेव्हा कॅम्पसाइट ठरवताना आधी स्टेशन किती लांब आणि परतीची शेवटची गाडी कितीची ते बघा. बाद फेरीत जादा वेळ आणि पेनल्टीसाठी वर तासभर धरा.

इथलं लायसन्स तिथे १२ महिने चालतं. गाडी साडेतीन टनांच्या आतलीच घ्या. स्टिअरिंग उजवीकडे, चालवायचं डावीकडून, त्यामुळे ह्यांना जड जाणार नाही. डब्लिनचा सामना बघायचा असेल तर आयर्लंड वेगळा देश आहे, व्हिसाची चौकशी आधीच करा.

पाच जण आहात, म्हणून हे नक्की विचारा : सीटबेल्ट किती? झोपायच्या जागा पाच असल्या तरी पट्ट्यांच्या सीट चारच असू शकतात. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्याला शिडी असते, सासूबाईंना खालचाच द्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, मिक्सर चालतो, फक्त प्लगचा अडॅप्टर न्या. मात्र कॅम्पसाइटवर बहुधा १० किंवा १६ अँपियरच मिळतात. १० असतील तर किटली आणि इंडक्शन एकदम लावलं की वीज जाते. मागच्या भागात एसी आहे का, तेही विचारा. आमच्या गाडीत नव्हता आणि त्याच जुलैत तिथे ४०.३ अंशांचा उच्चांक झाला.

सामन्याची तिकिटं युएफाच्या, म्हणजे युरो भरवणाऱ्या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, स्वतःच्या साइटवरच घ्या, आणि ती हातात आल्याशिवाय गाडीचे पैसे भरू नका.

वेम्बलीत ए-फोर कागदाहून मोठी पिशवी आत नेता येत नाही. तेव्हा डबा गाडीतच खाऊन निघा. २०२२च्या त्या फायनलला आम्ही इथेच ८७,१९२ जणांत होतो. शेवटच्या शिट्टीनंतर वेम्बली पार्क स्टेशनकडे एकच लोंढा निघतो आणि माणसं थांबवून थांबवून आत सोडतात. सासूबाईंना त्या गर्दीत उभं करू नका. अर्धा तास जागेवरच बसून राहा, आणि परतीची वेळ आखताना हा अर्धा तासही धरा.