कामासाठी फिरताना जेवायला कुठे आवडतं? कोल्हापुरात, पण वेळ सांभाळून

तुम्ही विचारलंय, कामानिमित्त फिरताना जेवायला कुठे आवडतं. मी पुण्याहून महिन्या-दीड महिन्याला कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग, तपासायला कोल्हापूरला जातो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कधी कागल, या तिथल्या औद्योगिक वसाहती. एका दिवसाचं काम तिथे दोन दिवस का चालतं, हे आमच्या साहेबांना पाठ झालंय.

सकाळी थेट उद्यमनगर. फडतरेंची मिसळ. आजूबाजूला लेथची घरघर आणि नंबर लागायची वाट बघणारी माणसं. इथे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो. पुण्याचा माणूस पाव मागतो आणि तिथेच ओळखला जातो. दुपारवर टाकू नका, तोवर भांडी रिकामी होतात. फडतरेच का, खासबाग का नाही, चोरगे का नाही, बावडा का नाही, हा प्रश्न मात्र फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, विचारू नका. मी एकदा विचारला, तर मोल्डिंगवरची तीन माणसं काम सोडून दहा मिनिटं भांडली.

दुपारी मटण खायचं नाही. हे मी स्वतः भोगून सांगतोय. पहिल्याच फेरीत एका पार्टीने आग्रहाने एक वाजता थाळीला नेलं. "पावणं, रस्सा घ्या की!" करत तांबडा-पांढरा वाढतच राहिले. तीनला परत भट्टीपाशी उभा राहिलो तेव्हा मापाच्या व्हर्नियरवरचे आकडे पोहत होते. मी पास केलेल्या चाळीस नगांपैकी सहा पुण्यात ब्लो होलमुळे, म्हणजे धातूत हवेने राहिलेल्या पोकळीमुळे, परत आले. तेव्हापासून दुपारी कामगारांच्या डब्यातली भाकरी, खर्डा, वर दही. खरं सांगायचं तर त्या खर्ड्याला तोड नाही, पण तो हॉटेलात मिळत नाही, ओळखीवर मिळतो.

मटण रात्री. काम संपवून, अंघोळ करून, लक्ष्मीपुरीत पद्मा गेस्ट हाऊसला. तिथे जाऊन आधी तांबड्यावर तुटून पडू नका. पांढरा रस्सा वाटीने प्या. मटण शिजवलेलं पाणी म्हणजे अळणी, त्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, अख्खा गरम मसाला. तिखट असलं तरी बेताचं. कोल्हापुरी म्हणजे जाळ असं समजणाऱ्याने हा रस्सा एकदा घ्यावाच. तांबड्याची गंमत कांदा-लसूण चटणीत असते. तिकडे चटणी म्हणजे ताटातली नव्हे, वर्षभराचा मसाला, उन्हाळ्यात घरोघरी करून ठेवतात. रंग ब्याडगी मिरचीचा, झणका संकेश्वरी किंवा लवंगीचा. हायवेवर 'कोल्हापुरी' म्हणून जे वाढतात त्यात तिखटाची पूड आणि वर तेलाचा तवंग, बाकी काही नाही. एका ढाब्यावर मी ते खाल्लं आणि साताऱ्यापर्यंत पाणीच पीत आलो.

वार बघून जा. बुधवार, शुक्रवार, रविवार बरे. श्रावणात बरेच जण मटणाला शिवत नाहीत. हा विषय तिकडे हलका घेत नाहीत बरं का. २०१९ च्या अखेरीला मटणाच्या दरावरून गावात आंदोलन झालं होतं. आमच्याकडे पाण्यासाठीही इतकी माणसं जमत नाहीत.

मटण नसेल त्या संध्याकाळी खासबाग मैदानाजवळ राजाभाऊंची भेळ. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, तेव्हापासून तिथे उभं राहून खाताना लक्ष तिकडे जातंच. मग रमतगमत गंगावेशला दूध कट्ट्यावर. म्हशी रस्त्यावर उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. कच्चं, कोमट दूध. पोट नाजूक असेल तर नुसतं बघा. मटण खाल्लेल्या रात्री मी ते घेत नाही, आईने लहानपणी घातलेली भीती अजून आहे.

मिसळीचं, थाळीचं बिल कंपनीला लावतो. दुधाला बिल नसतं, ते माझ्या खिशातून. दोन ग्लास.